भाईचे डोळे

भाई,

आबाकाका कालही विचारून गेले, "फोटो झालो काय गो?" मी म्हटलं, सुकतोय. खरं तर काचेची प्लेट धुऊन, उन्हात छाप काढून तो केव्हाच सुकला आहे. माझ्यासमोर टेबलावर आहे. तू खुर्चीत बसला आहेस. छातीवरून धोतराचा पट्टा घेऊन तुला खुर्चीच्या पाठीला बांधलं होतं, तो पट्टा मी शर्टाच्या पांढऱ्यात मिसळून टाकला. मागून तुला सावरणाऱ्या आबाकाकांची बोटं तुझ्या खांद्यावर आली होती, तीही पुसली. आता फक्त डोळे राहिले. ते मिटलेले आहेत आणि मला उघडायचे आहेत.

तेराव्याला हार घालायला फोटो हवा, आणि आईला त्यात तू तिच्याकडे बघत असलेला हवास. आपल्याकडे हे असंच होतं. जन्मभर माणूस स्टुडिओची पायरी चढत नाही, आणि तो गेला की घरच्यांना आठवतं की ह्याचा एकही फोटो नाही. मग तुला बोलावणं यायचं. घरापुढच्या खळ्यात खुर्ची, खुर्चीत माणूस, मागे धरलेली चादर. तू फोटो काढून आणायचास आणि त्या माणसाचे डोळे ब्रशानं मी उघडत असे. घरची माणसं माझ्यासमोर बसून सांगायची, कसे होते, केवढे होते. "बाबाचे डोळे इतके बारीक नाय होते गो, वायच मोठे कर." एक बाई तर म्हणाली होती, "जितो असताना कायम निजलेलोच असायचो. मेल्यार तरी वायच जागो दिसांदे." तू आत जाऊन तोंडात पंचा कोंबून हसला होतास.

इतक्यांचे उघडले. तुझेच जमत नाहीत.

हे काम तू माझ्या हाती दिलंस, त्याचं कारण आपल्या घरातच टांगलेलं आहे. बाबा गेले तेव्हा तू मुंबईला होतास. मालवणात तेव्हा फोटो काढणारा एकच म्हातारा होता. त्यानं बाबांचे डोळे उघडले ते बशीएवढे, समोरच्यानं खिसा कापल्यासारखे. तू मुंबईहून आलास, फोटोसमोर उभा राहिलास आणि म्हणालास, "ह्यो कोण?" आई कितीतरी वर्षं म्हणायची, ते डोळे यांचे नव्हेत. मग म्हणेनाशी झाली. हल्ली म्हणते, अगदी असेच बघायचे. मीही बाबांना आठवायला गेले की तेच दोन बशीसारखे डोळे पुढे येतात. त्यांच्यामागचे खरे डोळे कुठे गेले ते कळत नाही. फोटो असा येऊन माणसाच्या जागी बसतो. तुझ्या बाबतीत मला त्याचीच भीती आहे. आज मी जे काढीन, ते पुढे जन्मभर तुझे डोळे होतील. मग मी चुकले आहे हे सांगणारंही कोणी उरणार नाही, कारण मलाही ते खरं वाटू लागेल.

बाबांनंतर तू परत मुंबईला गेला नाहीस. आईला एकटं ठेवता येत नव्हतं, माझं लग्न व्हायचं होतं. ते झालं नाही, तुझंही राहिलं. पुढच्या पडवीवर तू काचेची कौलं बसवलीस, उजेडाची सोय झाली. काळोखाच्या खोलीसाठी घरात एकच जागा होती, बाळंतिणीची खोली. तिला खिडकी नव्हतीच. आपण दोघंही त्या खोलीत जन्मलो. तिथे तू तांबड्या काचेचा कंदील लावलास, फळीवर बाटल्या मांडल्यास आणि प्लेटा धुवायला मला बसवलंस. मॅट्रिक झालेली बहीण नुसती वाचनालयातली पुस्तकं वाचते, त्यापेक्षा बरं, असं आईला सांगितलंस. मी पुस्तक घेऊन आत जायची आणि कंदिलाच्या तांबड्या उजेडात वाचायला बघायची, आठवतं? तांबड्या उजेडात अक्षरं वाचता येतात, पण पान संपेपर्यंत माणूस दमतो.

डोळे मिटून फोटो बघायचं वेड तू मुंबईहून आणलंस. तिथल्या स्टुडिओत तुला कॅमेऱ्याला हात लावू देत नसत. तू पडदे ओढायचास, खुर्च्या हलवायचास, गिऱ्हाइकाच्या अंगावर उजेड पडावा म्हणून पांढरा पुठ्ठा धरून उभा राहायचास. पुठ्ठा धरता धरता तू मनातल्या मनात फोटो काढायला लागलास. मालकानं काढलेला छाप दुसऱ्या दिवशी बाहेर आला की तुझा आणि त्याचा ताडून बघायचास. तू म्हणायचास, सुरुवातीला माझ्या फोटोत नुसता चेहरा असे. हात कुठे, सावली कुठे, मागच्या पडद्याची घडी कुठे, काही नसे. मग हळूहळू सगळं यायला लागलं. प्लेटीला पैसे पडतात, मनाला पडत नाहीत, हे तुझं वाक्य.

मला शिकवायला बसलास तो दिवस अजून तसाच आहे. तू माझ्यासमोर पाटावर एक शहाळं ठेवलंस.

"बघलंस?"

"बघलंय."

"मगे डोळे मीट. आता सांग."

"शहाळा आसा. हिरवा."

"हिरवा फोटोत खंय येता गो? काळा दिसतला काय करडा, ता सांग. सावली खंयच्या बाजूक आसा?"

मी एक डोळा किलकिला केला, तसा तुझा तळवा माझ्या डोळ्यांवर आला. "चोरी करू नको."

त्या दिवशी मला सावलीची बाजू सांगता आली नाही. शहाळ्याचा देठ कुठे वळला होता तेही नाही. इतकी वर्षं मी शहाळी पीत होते आणि एकही बघितलं नव्हतं. मग रोज काहीतरी यायचं. कोयती, आईची वहाण, माशांची रिकामी पाटी. नंतर वस्तू न बघताच सांगायची पाळी आली. आता दुपार झाली असं धर, खिडकी डाव्या हाताला आहे, पाटीत ओले बांगडे आहेत, चकाकी कुठे येईल. मी सांगायची, तू "हां" म्हणायचास, किंवा "पडलो" म्हणायचास, म्हणजे फोटो पडला.

"टांगणे" हा शब्द त्यातून आला. तू म्हणायचास, "मनात खिळो मार आणि तेका टांग. मगे बाजूक हो आणि बघ. पडता काय?" पुरता बघितलेला फोटो मनात स्थिर राहतो. अर्धवट बघितलेला खिळ्यावरून घसरतो, कुणाच्या डोक्यातून माड उगवतो, कुणाचा पाय कापला जातो. टांगल्याशिवाय बटण दाबायचं नाही, हा तुझा नेम. आई म्हणायची, "बसली दोघां टांगूक. थय भात करपता हा."

तुझे फोटो त्या सवयीनं किती बदलले हे मी सांगू शकते, कारण सगळ्या प्लेटा माझ्या हातून गेल्या. आधी माणसं भिंतीला चिकटवल्यासारखी यायची. मग ती बसायला लागली, उभी राहायला लागली. लग्नासाठी दाखवायच्या मुलींचे फोटो तर लोक तुझ्याकडेच काढायला येत. मसुऱ्याची एक मुलगी भीतीनं लाकूड झाली होती. तू कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहून डोळे मिटलेस, ते उघडेचनास. तिच्या आईनं मला हळूच विचारलं, "ह्यो झोपलो काय गो?" ते ऐकून मुलीला हसू फुटलं, तिनं ते दाबलं, आणि दाबलेलं हसू ओठाच्या कडेला राहिलं असताना तू डोळे उघडलेस, तिला खिडकीकडे एक पाऊल सरकायला सांगितलंस आणि फोटो काढलास. मी नंतर विचारलं, तू तिच्या हसण्याची वाट बघत होतास का? तू म्हणालास, नाही, तो फोटो मी हसण्यासकटच टांगला होता. हे खरं होतं की थाप होती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग कुणकेश्वर. शिवरात्रीच्या जत्रेला तू दर वर्षी जायचास, होडीनं खाडी ओलांडून. मी कधी गेले नव्हते. जायच्या आदल्या दिवशी तू मला समोर बसवलंस. देऊळ कुठे, समुद्र कुठल्या अंगाला, वाळू कुठपर्यंत, सगळं सांगितलंस आणि म्हणालास, "आता तू सांग, मी काय काढू?"

मी डोळे मिटले. मग म्हटलं, "देवळाचा फोटो सगळेच काढतात. सकाळी ऊन देवळाच्या मागून येईल, म्हणजे सावली समुद्राकडे पडेल. आंघोळ करून आलेली माणसं थंडीनं उन्हात बसतील, म्हातारी माणसं उन्हाला कंटाळून सावलीत बसतील. सावलीची कड जिथे आहे तिथे उभा राहा. शिखर घेऊ नकोस. शिखराची सावली घे."

तू परत आलास तो थेट काळोखाच्या खोलीत. प्लेट पाण्यात हलवता हलवता म्हणालास, "तुझो फोटो घेवन इलंय." उन्हात छाप काढला आणि मी बघितलं. सावलीच्या टोकाशी एक म्हातारी ओलं लुगडं पिळत बसली होती, तिचा एक पाय उन्हात होता. तो पाय मी सांगितला नव्हता. बाकी सगळं माझं होतं.

तो फोटो तू स्टुडिओच्या दाराशी लावलास. येणारे जाणारे तुझं कौतुक करायचे आणि तू आत माझ्याकडे बघून भुवया उडवायचास. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं, खरंच नाही. घरात बसून, पिठाचे हात पुसून, मी समुद्राकाठचा फोटो काढला होता. असं देणं मला दुसऱ्या कोणी दिलं नाही. आंगणेवाडीची जत्रा, फोंडाघाटचा बाजार, बंदरावर ओढलेली गलबतं, सगळीकडे मी अशीच जाऊन आले. ज्या वर्षी गोवा सुटला, त्या वर्षीपर्यंत माझ्याजवळ मनात टांगलेले इतके फोटो होते की रात्री अंथरुणावर पडलं की कुठल्या भिंतीकडे बघावं कळत नसे.

आणि त्याच्या पुढच्या शिवरात्रीला मी म्हटलं, "औंदा माका घेवन चल."

तू वहाणा घालत होतास. "कित्याक?"

"बघूक."

"तुया बघलंस ना तो? माझ्यापेक्षा बरो बघलंस."

"डोळ्यांनी बघूचो आसा."

"आयेकडे कोण बघतला?"

"काकी बसतली एक दिवस. मिया इचारलंय तिका."

तू दुसऱ्या वहाणेत पाय घातलास. मग म्हणालास, "थय गेलंस की सगळा मोडतला गो. खरा देऊळ वायच बारीक आसा." आणि गेलास.

तू मला टाळत होतास असं मी स्वतःला पुष्कळ सांगून बघितलं. तसं असतं तर राग धरून बसता आलं असतं. पण तुला मनापासून वाटत होतं की माझ्या मनातलं देऊळ मोठं आहे, ते जपायला हवं, आणि ते जपायचं म्हणजे मी दाराबाहेर पडता कामा नये. ज्या माणसाला कोंडून ठेवायचं त्याला आधी सगळं जग दाखवून टाकावं, तशातली गत झाली. मला दार उघड म्हणायलाही तोंड राहिलं नाही. गेलेच होते की मी सगळीकडे.

पुढे पुढे तूही त्यात अडकलास. प्लेटा मिळणं मुश्किल झालं, हे एक कारण झालं. पण मिळालेल्या प्लेटाही तू जत्रेहून तशाच कोऱ्या परत आणायला लागलास. मी विचारलं की म्हणायचास, "टांगलंय. पुरे." गिऱ्हाईक समोर बसलेलं असायचं आणि तू डोळे मिटून इतका वेळ काढायचास की पोरं रडायला लागायची. मनातल्या फोटोपुढे समोरचं माणूस तुला उणं वाटायला लागलं होतं. संध्याकाळी पडवीत खुर्ची टाकून तू नुसता बसायचास, चेहऱ्यावर समाधान. मला ते समाधान बघवत नसे. एकदा मी म्हटलं, "तुझे फोटो आम्ही खंय बघूचे?" तू म्हणालास, "सांगतंय तर. डोळे मीट."

फक्त मेलेल्या माणसांचे फोटो तू शेवटपर्यंत न चुकता काढलेस. तिथे तू डोळे मिटत नव्हतास, जायचास, काढायचास, यायचास. ते का, हे विचारायचं राहून गेलं.

आपलं शेवटचं बोलणं भांडणाचं झालं. मी तुझा एक फोटो काढू दे म्हणत होते. कॅमेरा मी पुसते, प्लेटा मी भरते, अंतर मला कळतं, उजेड मला कळतो, आणि आजवर मी एका माणसावरही बटण दाबलेलं नाही. तू म्हणालास, प्लेट कशाला घालवतेस, आधी टांगून दाखव. तेव्हा मला राग आवरला नाही. "मुंबैत तुका कॅमेऱ्याक हात लावूक दिलो नाय, म्हणान तू डोळे मिटलंस. माझ्या समोर तर कॅमेरो आसा. मगे मी कित्याक मिटू?"

तू माझ्याकडे बघत राहिलास. उत्तर येणार होतं असं मला अजून वाटतं. मग म्हणालास, "फाल्या बोलूया."

दुसऱ्या दिवशी सकाळी तू उठला नाहीस.

खळ्यात माणसं जमली. आई एकच म्हणत होती, "माका तेचो फोटो होयो." तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं की फोटोवाल्याचा फोटो नाही, आणि काढणाराही तोच होता. कणकवलीहून दुसरा माणूस येईपर्यंत संध्याकाळ झाली असती. मी कॅमेरा बाहेर आणला. शेजारची एक बाई म्हणाली, "बाईमाणसान असा करू नये." आबाकाका तुला खुर्चीत सावरत होते, तिथूनच तिला म्हणाले, "मगे तू काढ."

मी काळं फडकं डोक्यावर घेतलं. कॅमेऱ्याच्या काचेवर तू उलटा दिसलास, डोकं खाली, पाय वर. उलट्या माणसाचं तोंड मेलेलं आहे की जिवंत आहे ते कळत नाही. त्या फडक्याखाली मला थोडा वेळ बरं वाटलं, हे तुलाच सांगते. मी डोळे मिटले नाहीत. टांगला नाही. बटण दाबलं. माझा पहिला फोटो तो.

आणि आता हा छाप. दुसऱ्यांचे डोळे उघडताना मी घरच्यांना विचारत असे, बोलताना तोंडाकडे बघायचे की जमिनीकडे, उन्हात गेले की कपाळाला आठी पडायची का, हसताना डोळे बारीक व्हायचे का. ऐकत ऐकत मी डोळे मिटायची आणि तो माणूस समोर यायचा. तुझ्यासाठी डोळे मिटले की येतो तुझा आवाज. शहाळ्याची सावली येते, कुणकेश्वरची वाळू येते, ते पिळलेलं लुगडं येतं. तू येत नाहीस. येणार कसा? तू समोर बसून बोलायचास ती सगळी वर्षं माझे डोळे मिटलेले होते. ज्यानं मला बघायला शिकवलं तेवढाच माणूस मी बघितला नाही.

आईकडे गेले. म्हटलं, "भाईचे डोळे कसे होते गो?" ती वाल सोलत होती. म्हणाली, "डोळ्यासारखे डोळे. रोज बघी होतंय. रोज बघतलेला माणूस कित्याक लक्षात ठेवतला?"

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. पुढचं आज लिहिते आहे. तेरावा होऊन गेला.

वरचं लिहिलं त्याच दुपारी शेवटी मी फडताळातला आरसा आणला आणि टेबलावर छापाशेजारी उभा केला. सख्ख्या बहीणभावात एवढं साम्य असायचंच. काचेच्या कौलांतून ऊन सरळ येत होतं. मी आरशात बघितलं, छापावर एक रेघ ओढली, पुन्हा आरशात बघितलं. डोळे मिटायची गरजच पडली नाही. समोर होतं तसं उतरवत गेले. डाव्या डोळ्याची पापणी माझी थोडी उतरलेली आहे, ती तशीच काढली. बुबुळात उजेडाचा ठिपका ठेवला आणि ब्रश धुतला.

आईनं फोटो दोन्ही हातांत धरला. मी वाट बघत उभी राहिले, आता ती म्हणेल, हे त्याचे नव्हेत. तिनं तो उजेडाकडे नेला. मग पदरानं फोटोची कड पुसली आणि म्हणाली, "हां. ह्योच माझो झील. बघ कसो बघता माझ्याकडे."

आबाकाकांनी दारासमोरच्या भिंतीवर खिळा मारला. मुंबईची माणसं आली, हार घातला, म्हणाली, अगदी जिवंत आहे. कुणीही फोटोकडून माझ्याकडे वळून बघितलं नाही, आणि मी तर सगळ्यांना चहा देत फिरत होते.

आता घर रिकामं आहे. दुपारी आई भिंतीखाली बसते आणि वर बघून तुझ्याशी बोलते. जेवलास का विचारते, पाणी कडू लागतं म्हणते, मी ऐकत नाही म्हणून माझी तक्रारही सांगते. मी स्वयंपाकघरात असते. एकदा दोनदा ओ देणार होते, पण ती मला हाक मारत नसते. ती ज्या डोळ्यांकडे बघून बोलते ते माझे आहेत, भाई, आणि ते तिथून मला काढून घेता येत नाहीत.